आमची की आपली

माझं वय एकवीस आहे. एवढ्या वयात ‘आयुष्यभर’ हा शब्द वापरावा की नाही, याची मला शंका वाटते. पण एका गोष्टीची मला खात्री आहे, आणि ती खात्री मला नको आहे. मरेपर्यंत मी एका कापडगिरणीच्या फुटबॉल टीमचा राहणार. त्या टीमसाठी खेळताना माझ्या थोरल्या भावाचा गुडघा गेला आणि गुडघ्यामागून नोकरीही गेली. तरी मी तिचाच. हे कसं झालं ते मला सांगता येतं का, एवढंच लिहून पाहतो आहे.

आम्ही तंजावरकडचे मराठी. मद्रासला वेस्ट मांबलममध्ये एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. अप्पा, म्हणजे माझे वडील, शहराच्या उत्तरेला असलेल्या एका गिरणीत हजेरीच्या खात्यात कारकून आहेत. या गिरणीची टीम शहराच्या लीगमध्ये खेळते. मॅचच्या दिवशी पाळी सुटली की माणसं घरी न जाता डबे हातात घेऊन सरळ मैदानावर जात. आमचे अप्पाही जात. सोवळ्या-ओवळ्याचे, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले अप्पा तिथे विणकाम खात्यातल्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून लाकडी फळीवर बसत, आणि आम्हा दोघा भावांना मांडीशी घेत.

तुला कुठली टीम आवडते, असं मला कधी कुणी विचारलं नाही. उजव्या हाताने जेवायचं हे जसं कुणी विचारून ठरवत नाही, तसंच. मी सहा वर्षांचा असेन. समोर काय चाललंय ते कळत नव्हतं. पण अप्पा उठले की मी उठायचो, ते कपाळाला हात लावून बसले की मलाही वाईट वाटायचं. कळायला लागण्याआधीच वाईट वाटायला लागलं होतं. बहुतेक जणांचं असंच होत असावं.

आणि तो एक शब्द. गॅलरीत सगळे ‘नम्म टीम’ म्हणत. तमिळमध्ये ‘आमचं’ म्हणायला दोन शब्द आहेत, मराठीतल्यासारखेच. ‘एंगळ’ म्हणजे आमचं, त्यात समोरचा माणूस नाही. ‘नम्म’ म्हणजे आपलं, समोरच्यालाही धरून. घामाने भिजलेला एखादा अनोळखी माणूस माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, “नम्म टीम जिंकणार, तंबी.” तंबी म्हणजे धाकटा भाऊ. आमच्या आळीत, आमच्या नातेवाइकांत, शाळेत, मला कुणी इतक्या सहजपणे आपल्यात धरलं नव्हतं. आमचं तमिळ ऐकून तमिळ लोक हसतात आणि आमचं मराठी ऐकून पुण्याकडची माणसं हसतात. फळीवर कुणी हसत नव्हतं.

माझा भाऊ, अण्णा, शाळेत असल्यापासून चांगला खेळायचा. शाळा संपल्यावर गिरणीने त्याला घेतलं. कागदोपत्री तो घडी खात्यात हंगामी कामगार होता. खरं काम संध्याकाळी मैदानावर. दोन हंगाम नीट खेळलास तर कायम करू, असं सांगण्यात आलं होतं. सांगण्यात आलं होतं, असंच म्हणावं लागतं, कारण कागदावर ते कुठेच नव्हतं.

तो लेफ्ट हाफला खेळे. ब्राह्मणाचा मुलगा म्हणून गॅलरीने त्याला ताबडतोब ‘तयिर सादम’, म्हणजे दहीभात, करून टाकलं.

“ए दहीभात, झोपलास काय? पाय उचल!”

“अहो, त्याला आधी ताक द्या, मग धावेल.”

अप्पा मान खाली घालून हसत. मग एका मॅचमध्ये अण्णाने पोलिसांच्या सहाफुटी सेंटर फॉरवर्डच्या पायातून बॉल अलगद काढून घेतला, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “आज दहीभाताला लोणचं लागलंय रे!” सगळी गॅलरी हसली. आमच्या शेजारचा माणूस अप्पांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “सार, नम्म मुलगा!” अप्पांनी ते घरी येऊन अम्माला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी डोळे पुसले.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटच्या महिन्यात अण्णा पडला. कुणाची चूक नव्हती. मैदान वाळून दगड झालं होतं, त्याने बॉल जरा जास्त वेळ पायाशी ठेवला, आणि समोरचा अंगावर आला. गुडघा बाहेरच्या बाजूला वळलेला मी फळीवरून पाहिला. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि तीन महिने हलू नको म्हणाला. कामट्या सोडल्या तेव्हा पाय पूर्ण वाकेना.

त्या वर्षी मी पी. यू. सी.ला होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. गिरणीच्या साहेबांना अर्ज इंग्रजीत लिहायचा होता, आणि तो मी लिहिला. शब्दकोश उघडून बसलो, चार वेळा फाडला. अण्णा गिरणीसाठी खेळताना जखमी झाला आहे, त्याला बसून करायचं कुठलंही काम देऊन कायम करावं, असं त्यात होतं. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला तो पहिला उपयोग.

त्याच आठवड्यात युनियनचा एक माणूस घरी आला. काळा, चष्मेवाला, घाईत असलेला. उंबऱ्यातच बसला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

“सार, हा फॉर्म. कामावर असताना दुखापत झाली, असा दावा करायचा. तुमच्या मुलाने सही करायची, बाकी आम्ही बघतो.”

“पण तो खेळताना पडला,” अप्पा म्हणाले.

“खेळायला कुणी नेलं होतं? गिरणीनेच ना? मग ते कामच. पंधरवड्याच्या आत द्यायला हवा, सार. नंतर ते म्हणतील मुदत गेली. आणि हंगामी माणसाला मुदत गेल्यावर कुत्रंसुद्धा विचारत नाही.”

अप्पांनी फॉर्म घेतला आणि पंचांगात ठेवला. साहेबांचं उत्तर येऊ दे, मग बघू, म्हणाले. आपल्याच माणसांवर दावा लावायचा ही गोष्ट त्यांच्या तोंडातून उच्चारली जात नव्हती.

उत्तर दहाव्या दिवशी आलं. टाइप केलेलं, चार ओळींचं. संध्याकाळी सगळे जमले. अम्मा स्वयंपाकघराच्या दारात, अण्णा पाय लांब करून भिंतीशी, अप्पा माझ्यासमोर. त्या घरात मी बोलेपर्यंत सगळे थांबलेत, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मी वाचलं. अर्ज मिळाला, विचार चालू आहे वगैरे. आणि शेवटचं वाक्य: ‘वुई हॅव ऑलवेज लुक्ड आफ्टर अवर ओन.’

“म्हंजे काय रे?” अप्पांनी विचारलं.

मी म्हणालो, “स्वतःच्या माणसांना नेहमीच सांभाळत आलो आहोत, असं म्हणतात.”

मग अप्पांनी विचारलं ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

“ते ‘वुई’ म्हणट्लं तर कोण? अमी का अपण?”

प्रश्न अगदी बरोबर होता. आठवीपर्यंत शिकलेल्या माणसाने बरोबर जागी बोट ठेवलं होतं. आमच्या भाषेत ‘अमी’ म्हटलं की समोरचा बाहेर, ‘अपण’ म्हटलं की समोरचा आत. तमिळमध्येही तसंच. इंग्रजीत मात्र दोघांना एकच शब्द, त्यातून काहीच कळत नाही. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं, असं मी आजवर एक-दोघांना सांगितलं आहे. ते खोटं आहे. ‘अप्पा, इंग्रजीत ते समजत नाही, कुणाला तरी विचारू,’ एवढंच म्हणायचं होतं. पण मी कॉलेजात जात होतो. आणि अप्पांचा चेहरा ‘अपण’ ऐकायला टपलेला होता.

मी म्हणालो, “अपण.”

“खरंच की रे?” अम्माने विचारलं.

“होय,” मी म्हणालो. “नम्म.”

अप्पांनी पंचांगातून फॉर्म काढला, नीट चार घड्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी युनियनच्या माणसाला परत देऊन आले. तो काय म्हणाला ते त्यांनी सांगितलं नाही. अण्णानेही सही करू का म्हणून विचारलं नाही. माझ्याकडे बघून हसला होता तेवढा.

महिन्याभराने कायम झालेल्यांची यादी लागली. तिच्यात टीममधली दोन नावं होती, अण्णाचं नव्हतं. हंगामी कामगारांची यादी नवी निघाली, तिच्यातही नव्हतं. अप्पा ते पत्र घेऊन साहेबांच्या कचेरीत गेले. मलाही नेलं, इंग्रजीसाठी. त्याची गरज पडली नाही. टीमचं काम पाहणारे साहेब तमिळच बोलले, अगदी गोड.

“बसा, सार. तुमच्या मुलाचं फार वाईट वाटतं. फार छान खेळायचा.”

अप्पांनी पत्रातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हो, बरोबर आहे ना,” साहेब म्हणाले. “एंगळ आळुंगळ. आमची माणसं. कायम नोकरीतली. तुमचा मुलगा हंगामी होता. तो त्यात येत नाही.”

ते रागाने म्हणाले नाहीत. बसचं तिकीट कुठपर्यंत चालतं ते कंडक्टरने सांगावं तसं सांगितलं. आणि मी पाहिलं की अप्पांना पूर्ण वाक्य संपायच्या आधीच, त्या पहिल्या शब्दालाच, समजलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर आल्यावर, बसमध्ये, गाडीत, मांबलम स्टेशनवर उतरल्यावरही बघितलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मला कधीच रागावले नाहीत, आणि पुढे घरात इंग्रजीत काही आलं तर कोपऱ्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे नेऊ लागले.

युनियनच्या माणसाकडे मी एकटा गेलो. तो मान हलवत म्हणाला, “तंबी, मी मुदत सांगितली होती की नाही?” मी होय म्हणालो. त्याने चहा मागवला. मी तो प्यायलो नाही.

आठ दिवसांनी गिरणीचा शिपाई अण्णाचे बूट आणि जर्सी परत मागायला आला. जर्सीची बाही फाटली होती, ती अम्माने दोन मॅचच्या मधल्या दिवसांत शिवली होती, बारीक, दिसणार नाही अशी. अप्पा शिपायाला म्हणाले, “मी आणून देतो.” जर्सी धुऊन रात्रभर वाळत घातली, सकाळी बुटांना पॉलिश केलं. मी पाहत होतो. मला वाटलं, फेकून का देत नाहीत? कुणाच्या तोंडावर? पण ते पायताबेसुद्धा घडी करून घेऊन गेले.

अण्णा आता टी. नगरमध्ये एका साड्यांच्या दुकानात आहे. तिथे विक्रेते पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसतात आणि बायकांसमोर साड्या उलगडतात. अण्णाला मांडी घालता येत नाही. म्हणून तो मागे कपाटांपाशी दिवसभर उभा राहतो आणि हाक आली की गठ्ठे आणून देतो. सणाच्या दिवसांत घरी आला की गुडघा कलिंगडासारखा झालेला असतो.

आणि अप्पा मॅचला जात राहिले. हे मला सहन झालं नाही. एकदा मी विचारलंच. ते चपला घालत होते.

“अप्पा, त्यांनी आपल्याला बाहेर काढलं. तुम्ही जाता कशाला?”

“साहेब कुठे खेळतो?” अप्पा म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हंजे काहीं नाहीं. घरी बसून काय करू? तीस वर्षं झालीं.”

मी शपथ घेतली की पुन्हा त्या मैदानात पाय ठेवणार नाही. दीड वर्ष पाळली. दुसरी टीम धरून पाहिली, रेल्वेची. चांगली टीम. त्यांच्या गॅलरीत बसून टाळ्या वाजवल्या. त्यांनी गोल केला तर बरं वाटायचं, हरले तरी रात्री जेवण नीट जायचं. जेवण जायचं, तिथेच मला कळलं की हे काही खरं नाही.

गेल्या महिन्यात गेलो. अप्पांना न सांगता, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला बसलो. हरावेत म्हणून गेलो होतो, हे प्रामाणिकपणे लिहितो. अर्धा तास ते हरतही होते. मग त्यांनी बरोबरी केली, आणि शेवटच्या पाच मिनिटांत उजवीकडून बॉल आला आणि जाळ्यात गेला. आपण उभे आहोत, ओरडतो आहोत, शेजारच्या माणसाचा दंड धरला आहे, हे मला जरा उशिराच लक्षात आलं. दुसऱ्या टोकाला अप्पाही उभे होते. त्यांनी मला पाहिलं का, माहीत नाही. मी मान खाली घालून निघालो. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती, आणि आनंदही थांबत नव्हता.

घरी अण्णा आला होता. भिंतीला टेकून, गुडघ्यावर ओला पंचा ठेवून बसला होता.

“काय रे, घसा बसला?” त्याने विचारलं.

मी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. त्याने त्यांच्यावरची धूळ पाहिली.

“किती?”

मी आधी दोन बोटं दाखवली, मग एक.

“लेफ्ट हाफला कोण होता?”

“नवा आहे कुणीतरी. उंच.”

“बॉल लवकर सोडतो का?”

“नाही,” मी म्हणालो. “पायाशी ठेवतो.”

अण्णाने पंचा उलटून गार बाजू गुडघ्यावर ठेवली. “मग जाणार तो,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात खुनशीपणा मी शोधला. सापडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो टीमच्या डाव्या बाजूची काळजी करत होता. “कुणीतरी सांगायला पाहिजे त्याला. पुढच्या मॅचला जाशील तेव्हा सांग.”

मी हो म्हणालो.