काचेपलीकडचं बोलणं

मागखात्यातल्या बायका तिला भिंगरी म्हणत, कारण चार मागांमधून ती तशीच गरगर फिरायची. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ नुकता चालायला लागला होता. स्वतःच्या लग्नाचा विषय बाजूला सारून ती गिरणीत शिरली. त्याला वाढवलं, शाळेत घातलं, मोठा झाल्यावर मुकादमाच्या हातापाया पडून गिरणीतच चिकटवलं आणि पुढे त्याचं लग्नही लावून दिलं.

मागांच्या खडखडाटात तिचे कान हळूहळू गेले. तिने ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. तिथे तसंही कुणाला काही ऐकू यायचं नाही. सगळ्या जणी ओठांवरून बोलणं ओळखायच्या. साहेबाच्या नकला, सासवांची गाऱ्हाणी, कुणाला दिवस गेलेत, सगळं बिनआवाजी चालायचं आणि मुकादमाला वाटायचं, बायका काय निमूट काम करतात!

धाकटा कामगारांचा पुढारी झाला. नवे माग येणार, माणसं कमी होणार अशी कुणकुण लागली तेव्हा त्याने संप पुकारला. गेटपुढे बायका सगळ्यांत पुढे बसल्या; पोलिसांच्या काठ्याही आधी त्यांनीच खाल्ल्या. भिंगरीचं मनगट तेव्हा दुखावलं ते कायमचं.

तडजोडीच्या दिवशी सगळे आवारात ताटकळत होते. साहेबाची केबिन काचेची. आत साहेब, धाकटा आणि चहाचे कप. इतक्या लांबून इतर बायकांनाही ओठ ओळखता येत नव्हते. भिंगरीला कळत होतं. धाकट्याला बोलायला तिनेच शिकवलं होतं.

"बायकांना काढा," तो म्हणत होता. "पुरुषांना हात लावू नका. उद्यापासून गिरणी सुरू."

शेजारणीने खुणेनेच विचारलं, काय चाललंय? भिंगरीने मान हलवली. नीट दिसत नाही, म्हणाली. कडेवर वाढवलेल्या पोराची चहाडी तिच्या तोंडून निघेना.

संध्याकाळी त्याला ताट वाढून ती समोर बसली आणि तिने सरळ विषय काढला. तो आधी उडवाउडवी करत राहिला, मग चिडला. काहीतरी सोडावंच लागणार होतं, म्हणाला. घर पुरुषाच्या पगारावर चालतं, बायकांचा आपला हातभार.

"आणि तू कुणाच्या पगारावर वाढलास?"

त्याने तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत काहीतरी उत्तर दिलं. ते तिला कळलं नाही.

पुरुषांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. बायकांची नावं कमी झाली. तो बायकोला घेऊन वेगळा राहू लागला. भिंगरीला सगळं आधीच ठाऊक होतं, हे पुढे कुठून तरी फुटलं. मग शेजारणींनीही तिच्यासमोर ओठ हलवणं बंद केलं. कामाशिवाय राहण्यापेक्षा हे तिला जास्त लागलं. ती एका वखारीत चिंध्या निवडायला जाऊ लागली.

काही वर्षांनी नवे माग आलेच. या वेळी पुरुष गेले आणि त्यांच्यात धाकटाही. बरेच दिवस इकडेतिकडे हिंडून शेवटी तो वखारीच्या दारात येऊन उभा राहिला. मालकाला माझ्याबद्दल विचार, म्हणाला. तिने विचारलं. पुरुष परवडत नाहीत, मालक म्हणाला. बायका अर्ध्या मजुरीत येतात. तिने ते जसंच्या तसं भावाला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याची बायको तिच्या शेजारी चिंध्या निवडायला बसू लागली.