चंद्रीसाठी सल्ला विचारत फिरलो तेव्हा

निजामाच्या अमलात मी जवळा बाजारच्या शाळेत मास्तर होतो. तिथले किस्से एवढे कसे साठले म्हणता? अहो, आम्ही सल्ला मागत फिरत होतो! कुणाला सल्ला विचारून बघा. सल्ला मिळो न मिळो, किस्सा हमखास मिळतो.

चंद्री तेल्याची पोरगी. जन्मापासून आंधळी, पण शाळेचं भलतं वेड. तपासणीला आलेले साहेब बजावून गेले, "पुढच्या खेपेला हिला वाचता आलं नाही, तर हजेरीपटावरून नाव काढून टाका." चंद्री तिथंच बसलेली. त्या दिवशी ती भाकर न खाताच घरी गेली. मला फार वाईट वाटलं.

* * *

आमचे हेडमास्तर दिगंबरराव म्हणाले, "सल्ला वरूनच मागवू." वळणदार अक्षरात अर्ज लिहिला: आंधळ्या मुलीला वाचन शिकवायला काय साधन वापरावं, ते कृपया कळवावं.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. आत एक फॉर्म. खाली सूचना: 'विद्यार्थिनीने स्वतः वाचून स्वहस्ते भरावा.'

दिगंबररावांनी तो फाडला नाही हो, फाईलला लावला!

* * *

मग बाजारच्या दिवशी चंद्रीला घेऊन चष्मेवाल्याकडं गेलो. तो पेटी उघडून म्हणाला, "काहून काळजी करता गुर्जी? माझ्यापाशी समदे नंबर हायत."

एकेक चष्मा तिच्या नाकावर चढवत गेला. सातव्याला विचारलं, "आता काही फरक?"

"व्हय," चंद्री म्हणाली.

मी लगबगीनं पुढं वाकलो. "काय फरक पडला गं?"

"ह्यो नाकाला थंड लागून राहिला."

चष्मेवाला म्हणतो कसा, "पडला ना फरक? मग घेऊन टाका!"

* * *

शेवटी दिगंबररावांनी स्वतःच डोकं चालवलं. फळीवर डिंकानं चिंचोके चिकटवून अक्षरं केली. चंद्री बोटं फिरवून भराभर ओळखायला लागली. आम्ही खूश!

चार दिवसांनी ती फळी चाचपून म्हणाली, "गुर्जी, 'म' न्हाई."

"कुठं गेला?"

"कुणीतरी भाजून खाल्ला."

सगळ्या वर्गाला उभं केलं. एकही पोरगं कबूल होईना. चंद्री कान देऊन ऐकत होती. हळूच म्हणाली, "पोरं न्हाईत, गुर्जी. कुडूमकुडूम आवाज खुर्चीकडून येऊन राहिला."

खुर्चीवर दिगंबरराव! घास गिळायचीसुद्धा पंचाईत झाली बिचाऱ्यांची.

* * *

खाता येणार नाहीत अशी अक्षरं पाहिजेत, म्हणून रहीमचाचांकडं गेलो. बैलगाड्या करण्यात चाचांचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणाले, "मला वाचता येत न्हाई मास्तर, पण हाताला लाकूड बराबर कळतं. तसं लेकराला अक्षर कळंल." एवढ्या दिवसांत अकलेचा हा पहिला सल्ला!

आठवड्यानं 'क' तयार झाला. दोन गड्यांनी उचलून आणला. बाभळीचा, चांगला चाकाएवढा!

"चाचा, एवढा मोठा?"

"नांदेडपर्यंत जाऊन आला तरी मोडायचा न्हाई!"

चंद्रीनं त्याला हात लावला, मग वर चढून बसली. चाचा खो खो हसले, आणि त्यांनी मुठीत मावतील अशी सगळी अक्षरं काना-मात्रांसकट करून दिली. मजुरी विचारली तर माझ्यावरच चिडले.

* * *

तपासणीचा दिवस आला. साहेबांनी समोर मांडलेली अक्षरं चंद्रीनं वाचली. तरी त्यांना संशय. "हिला थोडं दिसत असेल. नाहीतर तुम्ही खुणावता."

आम्हाला दूर भिंतीपाशी उभं केलं. टेबलावरच्या कापडाखाली साहेबांनी स्वतःच्या हातानं अक्षरं मांडली. माझा जीव टांगणीला लागला. दिगंबरराव तर डोळे मिटून उभे.

चंद्रीनं कापडाखाली हात घातला. "गवत."

पुन्हा मांडली. "पाऊस."

तिसऱ्यांदा. "शाळा."

साहेबांनी कापड वर करून अक्षरं तपासली. चंद्रीला मात्र रंग चढलेला. तिनं स्वतःच कापडाखाली दोन अक्षरं ठेवली नि म्हणाली, "आता तुमी वाचा."

साहेब हसले. बाह्या सारून त्यांनी हात आत घातला. चाचपलं. पुन्हा चाचपलं. "ध... नाही, प... थांब हं." कपाळावर घाम आला. शेवटी हात बाहेर काढून म्हणाले, "नाही बुवा वाचता येत."

चंद्रीचा चेहरा एकदम पडला. ती आमच्या भिंतीकडं वळली आणि काळजीनं विचारलं,

"गुर्जी, आता साहेबाचं बी नाव काढून टाकणार का हो?"