पहिल्या लोकरीची आंघोळ

आमच्याकडे जन्मलेल्या पहिल्या अल्पाकाची, म्हणजे लोकरीसाठी पाळतात त्या उंटाच्या कुळातल्या जनावराची, पहिली कातरणी होती. पहिली लोकर सगळ्यात मऊ असते आणि ती एकदाच मिळते. त्याच्या आईबापांची जोडी मी निवडली होती. या कामासाठी चांगली आयटीतली नोकरी सोडली होती. मला पैदाशीतलं काही कळतं की नाही, हे आता या लोकरीवरून ठरणार होतं. कळतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

आदल्या संध्याकाळी मी पिल्लाला शाम्पू लावून आंघोळ घातली. माहेरी पोळ्याला बैल घासूनपुसून धुतल्याशिवाय कुणी बाहेर काढत नसे. मग इथे कातरणाऱ्यासमोर मळकं जनावर कसं उभं करायचं? नवरा म्हणाला, कातरणाऱ्यानं मेसेजमध्ये जनावरं कोरडी ठेवा असं लिहिलंय. सकाळपर्यंत वाळेल, असं सांगून मी त्यालाच टॉवेल धरायला लावलं.

सकाळी कातरणारा आला. उंच, मोजकं बोलणारा माणूस. त्यानं पाठीवरची लोकर दोन्ही हातांनी फाकवली, मुळाशी बोट लावलं आणि मशीन परत पेटीत ठेवलं. ओली लोकर पिशवीत कुजते, म्हणाला. मी वरवर हात फिरवला होता तेव्हा कोरडी लागली होती, आत मात्र चिंब होती. संध्याकाळी पाचला परत जाताना तो पुन्हा डोकावणार होता. तेव्हाही ओली निघाली, तर यंदा त्याच्याकडे दुसरा दिवस नव्हता. 

नेदरलँड्समधल्या आमच्या नीउ-व्हेनेप गावाबाहेर वाऱ्याला तोटा नाही. एरवी सायकलवर मी त्याला शिव्या घालते. नवऱ्यानं ऑफिसची मीटिंग रद्द केली आणि आम्ही पिल्लाला दोरी बांधून कालव्याच्या बांधावर नेलं. एकानं त्याला चालवायचं, दुसऱ्यानं बोटांनी लोकर मोकळी करून वारा आत जाऊ द्यायचा, मग अदलाबदल. पिल्लू वैतागून दोनदा थुंकलं, दोन्ही वेळा माझ्यावर. नवरा दिवसभरात एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हणाला नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

पाच वाजता कातरणाऱ्यानं पुन्हा बोट घालून पाहिलं. कोरडी. मशीन लावण्याआधी त्यानं विचारलं, धुवायची कल्पना कुणाची?

“आमची,” नवरा म्हणाला.

पंधरा वर्षांच्या संसारात मी चूक कबूल केल्याचं कुणाला आठवणार नाही. मलाही नाही.

“माझी,” मी म्हटलं. “यानं नको म्हटलं होतं.”

लोकर पाठीवरून अखंड उतरली. कातरणाऱ्यानं तिची एक बट उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, अशी फार थोड्या ठिकाणी मिळते. जोडी कुणी निवडली?

नवऱ्यानं मला बोलूच दिलं नाही.

“हिनं,” तो म्हणाला. “तेव्हाही मी नको म्हटलं होतं.”