मासळीच्या नावाला दुधाची हाक

भल्या सकाळी बारामती एमआयडीसीकडून दूध आटवून भुकटी करण्याचा गोडसर, किंचित करपट वास येतो आणि माझं मन कडवट होतं. पूर्वी याच वासात मला माझ्या कष्टांचा दरवळ जाणवायचा!

कॉलेजची पायरी न चढता मी पीएचपी ही संगणकाची भाषा शिकलो आणि कऱ्हाटीच्या दूध संकलन केंद्रासाठी संगणकप्रणाली उभारली. इंदापूरच्या भाऊरावांची तशीच प्रणाली भिगवणच्या मासळी लिलावासाठी होती. दोन्ही एकत्र करायचं ठरलं. माझ्या क्लासचं, म्हणजे हिशेब करणाऱ्या कोडच्या तुकड्याचं, नाव ‘वजन’, त्यांच्याही क्लासचं ‘वजन’. आपापल्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे आपापल्या घरात, दोघं सुखानं नांदत होते; एका फाइलमध्ये आणताच यंत्र अडलं, हे नाव आधीच घेतलेलं आहे! उपाय सोपा होता. आणताना ‘ॲज’ लिहून त्या फाइलपुरतं दुसरं नाव द्यायचं. पण कमीपणा कुणी घ्यायचा? भिगवणच्या धाब्यावर घासाघीस करून मी कबूल करवून घेतलं, की एक ‘दूधवजन’ होईल, दुसरं ‘मासळीवजन’.

माझी पाठ वळली आणि भाऊरावांनी स्वतःचं ‘वजन’ तसंच ठेवून नाव बदललं ते फक्त माझं. दूध मोजणाऱ्या खालच्या ओळी मात्र जुन्याच नावानं हाक मारत राहिल्या आणि त्या हाकेला ओ दिली मासळीनं! ओल्या मासळीतलं पाणी वजा करणारा तो हिशेब दुधाला लागला. कऱ्हाटीच्या प्रत्येक किटलीत पाण्याची म्हणून घट निघाली.

“आमी काय दुधात पानी घालतो व्हय, तात्या?” भर केंद्रात दूध घालायला आलेल्या एका आबांनी मला विचारलं. त्यांचा हात किटलीवरून हलेना. ज्या माणसाने उभ्या जन्मात दुधाला पाणी दाखवलं नाही, त्याला माझ्या यंत्राने चोर ठरवलं होतं!

मी दोन्ही नावं वेगळी केली, हिशेब सुधारला, भाऊरावांना फोनवर नको नको ते बोललो. ते हसले. “एवढं काय तापायचं? एका शब्दाची तर चूक हाय!”

भागीदारी त्याच क्षणी मोडली. पण क्लासला दिलेलं दुसरं नाव फाइलबरोबर संपतं, माणसाला चिकटलेलं कुठं संपतं? कऱ्हाटीत मी आता ‘पाणीवाले तात्या’. आबा तर किटली दुसऱ्या केंद्रावर नेतात.

सकाळी तो वास येतो. तिकडं दुधातलं पाणी वाफ होऊन उडत असतं. माझ्या नावातलं तेवढं उडत नाही.