एका घरात बारा चुली

अख्ख्या वऱ्हाडात तोंडानं एक वेळ सोडली तर कधी खोटं न बोललेला, आणि तरीही रोज सकाळी अकरा खोट्या गोष्टी फुंकर घालून पेटवणारा माणूस एकच होऊन गेला, तो म्हणजे माझे मावसाजी. ते अमरावतीला राहत आणि बाजारात बोऱ्यांमध्ये कापूस तुडवून भरायचं काम करत. त्या कामानं त्यांच्या पायांना अशी खोड लागली होती, की उभ्या उभ्या बोलतानाही ते जागच्या जागी तुडवत राहत. देवळात आरतीला उभे राहिले तरी तुडवत. शेजारचा माणूस हळूच आपला पाय मागे घेई. मावशी अकोल्याची, माझ्या आईची थोरली बहीण. मी पाळण्यात असतानाच ती वारली, आणि मूलबाळ काही झालेलं नव्हतं. पण तिच्यापायी मावसाजींच्या लेखी अकोल्याचं ते सारं चांगलं. "पाणी प्यावं तं अकोल्याचं," असं ते अमरावतीच्या गोड पाण्याचा तांब्या रिकामा करता करता म्हणत. अकोल्याचं पाणी खारट, हे सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक होतं. त्यांना कोणी सांगत नसे.

मावशीनं लग्नात माहेराहून मोर्णा नदीच्या काठची माती बैलबंडीत घालून आणली होती आणि तिची चूल घातली होती. मावशी गेली त्या दिवसापासून मावसाजींनी ती चूल पेटवली नाही. दर शनिवारी ती सारवत, हळदकुंकू वाहत, आणि स्वतः गूळ-फुटाण्यांवर दिवस काढत. आई म्हणायची, "काहून असे करता? भाकर टाकून घेत जा ना." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "तुमची बहीण पेटवे. मले कुठं येते चूल पेटवता?"

ज्याला चूल पेटवता येत नाही त्याच माणसाच्या ओसरीत पुढे अकरा चुली धडधडू लागल्या, याला कारण अमेरिकेतली लढाई. तिकडे लढाई जुंपली आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कोणी दुसरं लग्न केलं. माझ्या बापाला मात्र पोराला सरकारी शाळेत घालायचं खूळ लागलं. आमचं गाव अमरावतीपासून दोन कोसांवर. कचेरीतून कागद आला की तो वाचून घ्यायला माणूस शहरात धाडावा लागे, आणि तो परत येईपर्यंत अर्धा मजकूर विसरलेला असे. बापाचं पाहून गावातल्या आणखी दहा घरांना तीच हौस आली. पण शाळा एका खोलीची. हेडमास्तरांनी नियम काढला, की पेठेत बिऱ्हाड असेल त्याच्याच पोराला घ्यायचं. आणि बिऱ्हाड म्हणजे काय? तर चूल. जितक्या चुली तितकी बिऱ्हाडं, असा हिशेब आपल्याकडे पूर्वीपासून आहे. शाळेचा कारकून घरोघर फिरून चुली मोजू लागला.

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. मावसाजींनी साऱ्या घरांच्या आणून एका ओसरीत मांडल्या. रोज पहाटे आम्ही पोट्टे कापसाच्या बंड्यांवर बसून शहरात येत असू, तोवर ते एकेका चुलीपुढे बसून पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, घालत आणि फुंकत असत. "मी कोनाले काई सांगत नाई," ते म्हणत. "मी चूल पेटवतो. पायनाऱ्यानं पाहावं." आमच्या केसांत कापूस अडकलेला असे, पण त्या दिवसांत अमरावतीत हेडमास्तरांच्या मिशीतही कापूस असे, त्यामुळे कोणाला संशय आला नाही.

कारकून मात्र पुण्याकडचा होता. एक दिवस तो वही घेऊन आला. वर्दी आधीच लागली होती, म्हणून माझे आईबाप येऊन बसले होते. बाकीच्यांचा कापूस वेचणीला आलेला, त्यांना सवड नव्हती. वरणाचं भगुणं एकच होतं. कारकुनाची पाठ वळली की आई ते उचलून पुढच्या चुलीवर ठेवी.

"बाकीची माणसं कुठे आहेत?" कारकुनानं विचारलं.

"वावरात गेले, सायेब." मावसाजींचे पाय तुडवत होते.

"परत कधी येतात?"

"कापूस सरला का येतीन."

"आणि एवढी सगळी निजतात कुठे?"

"ज्याच्या त्याच्या जागेवर."

एक अक्षर खोटं नव्हतं. दहा चुली सुखरूप पार पडल्या. अकरावी आमची. ती फुंकायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी कारकुनाच्या पगडीकडे आ वासून पाहत राहिलो होतो. चूल विझली.

"ही कोणाची?" कारकून म्हणाला. "हे नाव काढावं लागेल. उद्यापासून पोराला पाठवू नका."

मी नुकता जोडाक्षरांना लागलो होतो. बापानं हात जोडले. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, की मावसाजींचे पाय थांबलेत.

"थांबा, सायेब. हे थंडी चूल माही हाये. या लोकायची आत हाये."

त्यांनी शेजारच्या चुलीतली जळती पऱ्हाटी उचलली आणि स्वयंपाकघरात गेले. दारातून मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. मावशीच्या चुलीपुढे ते गुडघे टेकून बसले आणि फुंकू लागले. आईनं पदर तोंडात धरला. जरा वेळानं दारातून धूर बाहेर आला.

कारकुनानं आत डोकावून वहीत लिहिलं. "म्हणजे तुमची स्वतःची चूल थंड. तुम्ही इथे राहत नाही तर?"

"लेहा तसं."

अशा रीतीनं न राहणारी अकरा बिऱ्हाडं त्या घरात कायम झाली, आणि राहणाऱ्या एकट्या माणसाचं नाव कटलं.

मावसाजी एकदाच खोटं बोलले, पण ते त्यांच्या फार जिवाला लागलं. "बोललो ते खरं करा लागन," म्हणून ते स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे राहू लागले. दारातून आत येताना खाकरत. मी शाळेतून आलो की विचारत, "बापू, तुमच्या चुलीवर जराकसं पानी तापवू काय?" आणि मी दहा वर्षांचा शहाणा, पाटी खाली ठेवून मोठ्या तोऱ्यात "तापवा" म्हणे. हळूहळू पाण्यामागून वरण आलं, वरणामागून भाकर. इतक्या वर्षांनी ते ऊन ऊन जेवू लागले, तेही माझ्या परवानगीनं.

मग लढाई संपली आणि कापसाचा भाव बसला. दहा घरांनी पोरं काढून घेतली, ओसरीतल्या चुली एकेक करून ढासळल्या. माझ्या बापानं मला काढलं नाही.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षात होतो तेव्हा मावसाजी गेले. विस्तव न्यायचा तो मेलेल्या माणसाच्या चुलीतला, आणि मडकं धरायचं ते त्याच्या लेकानं. गल्लीतला एक म्हातारा म्हणाला, "याची चूल तं ओसरीतली. ते तं कवाचीच थंडी हाये."

आई दारातून म्हणाली, "आतली पेटली हाये. ते आमची हाये." तिनं मावशीच्या चुलीतले निखारे मडक्यात भरले आणि ते माझ्या हातात दिलं. मी त्यांचा कोण, असं कोणी विचारलं नाही.

वाट लांब होती आणि वारा होता. विस्तव विझू नये म्हणून मी सारी वाट फुंकत गेलो. त्या दिवशी फुंकायला विसरलो नाही.