काट्यांवरचं भांडण

मामा गेल्याची तार माझ्या मुंबईच्या कचेरीत आली ती दुपारी. खाली नाव बाळाकाकांचं होतं.

तारकर्लीत मामांना सगळे भाऊ म्हणत. त्यांची उमेदीची वर्षं आगबोटीवर गेली. बाकीचे खलाशी परतताना कापड आणत, मामा मनगटी घड्याळं आणत. मालवणचे व्यापारी बाळाकाका, त्यांनाही तोच नाद. रविवारी मामांच्या ओट्यावर टॉवेल अंथरला जाई, त्यावर दोघांची घड्याळं मांडली जात आणि भांडण सुरू होई.

साठ सालानंतर एका नव्या स्विस कंपनीच्या घड्याळाचा बोलबाला झाला. बाळाकाकांनी ते मिळवलं, तोवर काचबिंदूने मामांची नजर गेली होती. ज्या घड्याळाबद्दल मामा वर्षभर बोलत होते, ते त्यांना कधीच दिसणार नव्हतं. बाळाकाकांनी ते त्यांच्या तळहातावर ठेवलं. मामांनी कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"पॉलिश बरा आसा. तबकडी कशी?"

"सुंदर."

"सुंदर म्हंजे काय रे? लग्नाक चेडू बघूक गेल्लंस?"

बाळाकाका चिडले. तबकडी सायीच्या रंगाची, आकडे नाहीत, नुसत्या सोनेरी रेघा, असं सांगू लागले. सुट्टीत आलेला मी मध्येच म्हणालो, काटे फार बारीक आसत, तिन्हीसांजेक दिसाचे नाय. "तुका चष्मो लागलो!" बाळाकाका ओरडले. "काट्यांची कड घासून धार काढल्यानी हा. उजेड पडलो की लखलखतत!" आमचं बराच वेळ चाललं. मग मामांना यातलं काही दिसत नाही हे आठवून दोघेही एकदम थांबलो.

घड्याळाकडे तोंड करून बसलेले मामा म्हणाले, "थांबू नकात रे. तुमी भांडतास तेवा माका ता दिसता."

त्यानंतर सुट्टीत गेलो की आम्ही ठरवून भांडत असू. मनातून बाळाकाकांनाही काटे बारीकच वाटत. ओट्यावर मात्र ते कधी कबूल करत नसत. मामा ऐकत, हसत, कधी नवाच दोष काढून आग भडकवत.

कार्य उरकल्यावर मामीने टॉवेल धुऊन नेहमीच्या जागी अंथरला. बाळाकाकांनी खिशातून तेच घड्याळ काढून त्यावर ठेवलं. मीच म्हणालो, "काटे फार बारीक आसत, काका."

बाळाकाकांनी घड्याळ टॉवेलवर सरळ केलं.

"होय रे बाबा," म्हणाले. "बारीकच आसत."