कमी म्हणजे नाही नव्हे

"बोल की गो, जीभ काय भाजते?"

आमच्या घोडपदेवच्या चाळीत तळमजल्यावर मास्तरांचं टेलरिंगचं दुकान होतं. कोणी अडखळलं की ते हेच म्हणायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्यासमोर पुटपुटता येत नाही.

मी तर सारखीच अडखळायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून चाळीतलं सगळं इंग्रजी वाचायचं काम माझ्याकडे. मास्तर कोकणातले मुसलमान, आम्ही बौद्ध. माझ्या पप्पांना ते रोज "जय भीम, वॉचमनसाहेब" म्हणत आणि पप्पा मुद्दाम "सलाम, मास्तर" म्हणत.

एकदा मास्तरांनी मोबाइल पुढे केला. बातमी मी मनातच वाचली.

"काय लिहिलंय?"

"ते... मुलांचं लहानपणी करतात ना..."

"सुंता! बोल की गो."

"सुंता झालेल्या पुरुषांना प्रोस्टेटच्या कॅन्सरनं मरायचा धोका कमी दिसला, असं म्हणतायत."

मास्तर खूश झाले. दर अर्ध्या तासानं मशीन सोडून ते लघवीला उठत. पप्पा डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागले होते. ते दारातून जाताना दिसताच मास्तर ओरडले,

"ऐकलंत, वॉचमनसाहेब? आमचा विमा सातव्या वर्षीच उतरवलाय!"

बातमीची शेवटची ओळ मला नीट कळली नव्हती. तसं सांगायची लाज वाटली. मी ती सोडून दिली.

मास्तर वर्षभर डॉक्टरकडे गेले नाहीत. कंबर धरली तेव्हा गेले. प्रोस्टेटचाच कॅन्सर निघाला, हाडांत उतरलेला.

मी ती बातमी पुन्हा शोधली, डिक्शनरी घेऊन बसले. शेवटी लिहिलं होतं, सुंतेमुळेच धोका घटतो असं यातून सिद्ध होत नाही. मी खाली जाऊन सगळं सांगितलं. मास्तर काज करत होते. त्यांनी सुई कापडात खोचली.

"तू 'कमी' म्हणालीस. मी 'नाही' असं ऐकलं. इतकी वर्षं लोकांच्या पँटी दोन इंच कमी करतोय, एक तरी पँट नाहीशी झाली का? टेलर असून कळू नये!"

मी रडायला लागले.

"रडू नको. पण कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं. मान वर करून."

मग ते अख्ख्या चाळीच्या मागे लागले. पन्नाशीचा कोणी दिसला की दुकानातूनच ओरडायचे, "लघवीला कितीदा उठतोस? तपासलंस का?" चाळकमिटीचे सेक्रेटरी कानाशी आले. "मास्तर, बायका ये-जा करतात. जरा हळू."

"बायकांनाच ऐकू दे. नवरे बहिरे आहेत."

"तुमची सुंता होऊनही झाला, मग आमचं काय?" एकानं टोमणा मारला.

"म्हणून तर जा! कापड कापलेलं असो की अख्खं, कसर लागायची ती लागते."

पप्पा तेवढं ऐकून खाली मान घालून जिना चढायचे.

दुकानाला आता कुलूप आहे. मास्तर गेल्याचा चाळिसावा दिवस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पप्पा मला म्हणाले, "चल."

हॉस्पिटलच्या खिडकीवर बाईंनी विचारलं, "काय होतंय?" मागे लांब रांग. पप्पांना असं चारचौघांत बोलायची सवय नाही म्हणून मीच हळूच सांगायला वाकले. त्यांनी मला बाजूला केलं.

"लघवीचा त्रास आहे. प्रोस्टेट तपासून घ्यायचंय."

इतक्या मोठ्यानं, की रांग वळून बघायला लागली. मागचे गृहस्थ हातातल्या कागदाची घडी घालत, उलगडत उभे होते.

"तुमचं पण तेच?" पप्पांनी विचारलं.

त्यांनी इकडेतिकडे बघून मान हलवली.

"मग या असे, माझ्या बाजूला उभे राहा."